‘ग्रेसफुली बाउ आउट’ : माघार, निवृत्ती की मानाने बाजूला होणे?

अडाणकाठचा मास्तर (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. एका इंग्रजी वाक्प्रचाराच्या अर्थावरून आमच्या गावात गेला आठवडाभर चर्चा सुरू आहे. येथील जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढतो.

आमच्या भजनी मंडळाचा कारभार अनेक वर्षे सांभाळणाऱ्या एका ज्येष्ठ काकांनी यंदा काकडआरतीच्या समाप्तीला पेटी, टाळ आणि हिशेबाची वही तरुणांच्या स्वाधीन केली. ‘आता पोरायनं सांभाळावं, म्या लय केलं,’ एवढेच ते बोलले. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या पुतण्याने गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कौतुकाने लिहिले की, काका ‘ग्रेसफुली बाउड आउट’. त्यावर एका मुलाने शब्दकोश उघडून ‘बाउ’ म्हणजे वाकणे, नमते घेणे, असा अर्थ सांगितला आणि काही मंडळींची समजूत अशी झाली की काकांवर कोणीतरी दबाव आणला व ते वाकले. काकांच्या घरच्यांना हे लागले. पुतण्याचा हेतू शुद्ध होता याविषयी मला शंका नाही. तरीही मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस असल्यामुळे खात्रीने उत्तर देऊ शकलो नाही.

या वाक्प्रचारात पराभवाची किंवा लाचारीची छटा आहे का, ‘ग्रेसफुली’ हा शब्द जोडल्याशिवाय त्याला मानाचा अर्थ येतो की नाही, आणि आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचे काय म्हणता येईल, हे मला जाणून घ्यायचे आहे. कृपया उदाहरणांसह लिहावे.

कळमेश्वरकर

मास्तर, प्रथम उच्चाराविषयी लिहितो, कारण अर्थाचा अर्धा घोळ तेथेच होतो. इंग्रजीत बी, ओ, डब्ल्यू या तीन अक्षरांचे दोन वेगळे उच्चार आहेत. ‘बो’ असा उच्चार केला की धनुष्य, रिबिनीची गाठ किंवा व्हायोलिनचा गज. ‘नाउ’ किंवा ‘काउ’सारखा ‘बाउ’ असा उच्चार केला की लवून अभिवादन करणे. जहाजाच्या पुढच्या टोकालाही ‘बाउ’च म्हणतात, पण त्याचा येथे संबंध नाही. आपल्याकडील अनेक शाळांत सरसकट ‘बो आउट’ असे शिकवले जाते, ते चुकीचे आहे.

आता अर्थ. कोणापुढे वाकणे किंवा दबावाला मान तुकवणे यासाठी इंग्रजीत ‘बाउ टू’ किंवा ‘बाउ डाउन’ असे म्हणतात. ‘टू’ आला की समोर कोणीतरी वरचढ उभा असतो. ‘आउट’ आला की समोर वरचढ कोणीच नसतो. असतो तो बाहेर जाण्याचा दरवाजा, आणि तेथून निघताना केलेला नमस्कार. गावातील त्या मुलाने पाहिलेला अर्थ चुकीचा नव्हता, फक्त तो दुसऱ्या जोडशब्दाचा होता. काकांच्या घरच्यांना हे अवश्य सांगावे.

झाडीपट्टीकर (वडसा)

कळमेश्वरकरांनी नमस्काराचा मुद्दा बरोबर मांडला आहे. त्या नमस्काराचे मूळ समजले की वाक्प्रचाराची सगळी वळणे उलगडतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लवून निरोप घेण्याच्या दोन जागा युरोपात ठळक होत्या. एक राजदरबार. राजासमोरून निघताना त्याच्याकडे पाठ करायची नाही, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरत, लवत बाहेर पडायचे, अशी रीत होती. आपल्याकडील मुजऱ्याशी तिचे नाते सहज जुळते. मुजरा येताना होतो तसा जातानाही होतो, आणि जातानाच्या मुजऱ्याने कोणी लहान होत नाही. दुसरी जागा रंगमंच. नाटक संपल्यावर नट पुढे येऊन प्रेक्षकांना लवून अभिवादन करतात. ज्याचे काम संपले आहे, ज्याने ते निभावले आहे आणि ज्याला पाहणाऱ्यांचे ऋण मान्य आहे, असा माणूस ते अभिवादन करतो. नमस्कार करून निघणाऱ्याचे काम पूर्ण झालेले असते, ही गोष्ट मला या वाक्प्रचाराचा कणा वाटते.

आमच्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि गावच नव्हे तर पंचक्रोशी मंडपात बसलेली असते. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा वडशापासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येकाला तो आपल्या घरचा मान वाटला. या रंगभूमीवर ज्याने रात्री जागवल्या आहेत त्याला एक फरक न सांगता कळतो. मध्यरात्री रुसून मेकअपच्या खोलीतून निघून जाणारा नट आणि पहाटे शेवटचा प्रवेश करून तोंडाचा रंग पुसणारा नट, दोघेही रंगमंच सोडतात. पहिल्याला इंग्रजीत ‘वॉक आउट’ म्हणतील. ‘बाउ आउट’ दुसऱ्यालाच शोभते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. इंग्रजीत ‘मेक वन्स बाउ’ असाही प्रयोग आहे आणि त्याचा अर्थ पहिल्यांदा लोकांसमोर येणे, पदार्पण करणे असा होतो. जुन्या इंग्रजी लेखनात तो वारंवार दिसतो. म्हणजे पदार्पणालाही लवणे आणि निरोपालाही लवणे. तेव्हा ‘बाउ’ दिसले की माघारच, असे समजू नये.

चेंडूफळी (अकोट)

झाडीपट्टीकरांनी मूळ सांगितले. वापर पाहायचा असेल तर क्रीडापानाइतकी चांगली जागा नाही, कारण तेथे हा वाक्प्रचार दोन निरनिराळ्या अर्थांनी येतो आणि आपले विद्यार्थी तेथेच गोंधळतात.

एक अर्थ म्हणजे स्पर्धेतून बाद होणे. अमुक संघ उपांत्यपूर्व फेरीत ‘बाउड आउट’ असे वृत्तपत्र लिहिते, तेव्हा त्या संघाने स्वखुशीने काही सोडलेले नसते. तो हरलेला असतो. वार्ताहराने ‘हरला’ हा उघडा शब्द टाळून थोडा अदबीचा शब्द वापरलेला असतो, इतकेच. दुसरा अर्थ खेळाडूने आपली कारकीर्द स्वतः ठरवून संपवणे. पहिल्या अर्थात निर्णय धावफलकाचा असतो, दुसऱ्यात माणसाचा.

हे दोन्ही अर्थ एकाच दिवशी, एकाच सामन्यात लागू झाले, असे एक उदाहरण माझ्या मनातून कधी जात नाही. १९८७ च्या विश्वचषकात ३१ ऑक्टोबरला नागपूरच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध सुनील गावस्करने ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्याचे ते एकमेव शतक, आणि ते आपल्या विदर्भाच्या भूमीवर झाले. चेतन शर्माची हॅटट्रिकही त्याच सामन्यातली. त्यानंतर ५ नोव्हेंबरला मुंबईत इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना झाला, गावस्कर ४ धावांवर बाद झाला आणि भारत ३५ धावांनी हरला. गावस्करचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. त्या दिवशी संघही ‘बाउड आउट’ आणि गावस्करही ‘बाउड आउट’. संघाबद्दल म्हणताना अर्थ पराभवाचा, गावस्करबद्दल म्हणताना निरोपाचा. शब्द तोच, पण कर्ता बदलल्याबरोबर त्याची प्रतिष्ठा बदलते.

‘ग्रेसफुली’ या शब्दासाठी मी दुसरे उदाहरण देईन, तेही नागपूरचेच. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी मालिका सुरू होण्यापूर्वीच सौरव गांगुलीने ही आपली अखेरची मालिका असेल असे जाहीर केले. मालिकेतील शेवटची कसोटी जामठ्याच्या नव्या मैदानावर होती आणि त्या मैदानाचा तो पहिलाच कसोटी सामना होता. गांगुलीने पहिल्या डावात ८५ धावा केल्या. दुसऱ्या डावात तो पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. सामना हातात आल्यानंतर अखेरच्या काही षटकांसाठी कर्णधार धोनीने क्षेत्ररचनेची सूत्रे गांगुलीकडे दिली, आणि त्याने ती थोडा वेळ सांभाळून परत केली. मला यात जाणाऱ्याइतकाच राहणाऱ्याचा मोठेपणा दिसतो. निरोप मानाचा व्हायला दोन्ही बाजू लागतात.

याच मालिकेत दिल्लीच्या कसोटीनंतर अनिल कुंबळेने निवृत्ती घेतली. त्याच्या हाताला दुखापत झाली होती. त्याने आधी तारीख ठरवली नव्हती, पण शरीर साथ देत नाही हे दिसताच कर्णधारपद असतानाही त्याने जागा मोकळी केली. हेही ‘ग्रेसफुली’च. पूर्वसूचना देणे ही त्याची अट नाही.

अडाणकाठचा मास्तर

चेंडूफळी, आपण फार सुंदर लिहिले आहे. गावस्करांचे उदाहरण मी उद्याच वर्गात सांगणार आहे. यावरून मला असे समजले की एकटा ‘बाउ आउट’ हा शब्द मान असेलच अशी हमी देत नाही. संघ हरला तरी तो येतो, माणूस निवृत्त झाला तरी तो येतो. मानाची खूण ‘ग्रेसफुली’ने होते, किंवा संदर्भाने. हे बरोबर आहे का?

आणखी एक शंका आहे. सार्वजनिक जीवनातील मोठ्या माणसांनी पद किंवा चळवळ सोडली तर त्यालाही हा वाक्प्रचार लावावा का? आमच्या शेजारीच वर्धा जिल्हा आहे, म्हणून विचारतो.

धामतीर (पवनार)

मास्तर, आपले पहिले अनुमान बरोबर आहे. दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र ‘काही वेळा’ असे द्यावे लागेल, आणि मी ते आमच्या भागातील दोन प्रसंगांवरून देतो.

१९३४ मध्ये मुंबईच्या अधिवेशनानंतर गांधीजींनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले. संस्थेतील अनेकांना आपली मते पटत नाहीत, तरी आपल्या आदरापोटी ते गप्प बसतात, आणि त्यामुळे संस्थेची वाढ खुंटते, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षाच्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि १९३६ मध्ये गांधीजी शेगाव येथे राहायला आले, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. कोणाविरुद्ध तक्रार नाही, संस्था मोडण्याची इच्छा नाही, सल्ला मागितला तर देण्याची तयारी आहे, आणि आपल्या उपस्थितीने इतरांची वाढ अडू नये ही काळजी आहे. हा प्रसंग ‘ग्रेसफुली बाउ आउट’ या शब्दांत बसतो, असे मला वाटते.

दुसरा प्रसंग विनोबांचा. १९५१ पासून वर्षानुवर्षे भूदानासाठी देशभर पायी फिरलेल्या विनोबांनी १९७० मध्ये पवनारला क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे धाम नदीच्या काठावरील आश्रम सोडून कोठेही न जाण्याचे ठरवले. तेथील ब्रह्मविद्या मंदिर त्यांनी १९५९ मध्येच भगिनींसाठी स्थापन केले होते आणि आश्रमाचा कारभार भगिनीच पाहत. या प्रसंगाला हा इंग्रजी वाक्प्रचार लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो व्यवहारातला, हलक्या पावलांचा शब्द आहे. स्पर्धा, पद, कार्यक्रम, जबाबदारी यांच्यातून बाहेर पडणाऱ्यासाठी तो ठीक आहे. संन्यास ही दिशा बदलणारी साधना आहे, आणि तिला निरोपाच्या नमस्काराच्या मापाने मोजले की ती उणी दिसते. इंग्रजीत लिहायचे झाले तरी तेथे ‘रिनाउन्स’सारखा भारदस्त शब्दच हवा.

विरोध म्हणून दिलेल्या राजीनाम्यालाही हा शब्द चालत नाही. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. तो अत्यंत प्रतिष्ठेचा होता, पण त्यात निरोपाचे अभिवादन नव्हते. त्यात ठाम नकार होता. त्यासाठी इंग्रजीत ‘रिझाइन इन प्रोटेस्ट’ असे म्हणतात. प्रतिष्ठा दोन्हीकडे आहे म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

चेंडूफळी (अकोट)

विनोबांबद्दलचे मत पटले. गांधीजींबद्दल मात्र थोडी असहमती नोंदवतो. १९३४ नंतरही काँग्रेसचे मोठे निर्णय वर्ध्यात आणि सेवाग्राममध्येच होत राहिले. ज्याच्या दारी सगळे येत राहतात, तो खरोखर बाहेर पडला असे म्हणता येईल का?

धामतीर (पवनार)

आपला आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर असे की या वाक्प्रचारात अधिकार सोडणे येते, नाते सोडणे येत नाही. पुढे लोक सल्ल्याला आले, हा त्यांचा निर्णय होता. मात्र सोडलेल्या पदावरून हुकूम देत राहणारा माणूस असेल तर त्याला हा शब्द लावणे अयोग्य, हे मी मान्य करतो. गांधीजींच्या बाबतीत रेषा कोठे ओढावी यावर इतिहासकारांनीच वाद घालावा. उदाहरण थोडे वादग्रस्त आहे, पण मी ते मागे घेत नाही.

आर्वीची लेक

सर्वांचे लेखन मनापासून वाचले. मात्र अजून एका बाजूने कोणी लिहिले नाही, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा शब्द कोण कोणासाठी वापरतो, हे पाहिले पाहिजे.

मी महिला बचत गटांच्या कामात आहे. २०११ पासून महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. त्यामुळे खेड्यापाड्यांतून बायका उमेदवारी अर्ज भरतात, निवडून येतात, कारभार करतात. अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी काय होते हे गावात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. निवडणूक बिनविरोध व्हावी म्हणून रात्रभर बैठका होतात, भावकीतील ज्येष्ठ घरी येऊन बसतात, नवऱ्याला बाजूला घेऊन समजावले जाते, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई तहसीलमध्ये जाऊन अर्ज मागे घेते. नंतर कोणीतरी म्हणते की ताईंनी मोठ्या मनाने माघार घेतली. तिला कोणी विचारलेले नसते. अशा माघारीला ‘ग्रेसफुली बाउड आउट’ म्हणणे म्हणजे दबावावर शालजोडी पांघरणे आहे.

अविश्वास ठराव येण्याची चिन्हे दिसल्यावर दिलेला राजीनामाही मी यात धरणार नाही. झाडीपट्टीकर भाऊंनी म्हटल्याप्रमाणे काम पूर्ण झालेले असावे. त्यात मी माझी भर घालते की जाणाऱ्याला राहण्याचीही मोकळीक असावी. जिला राहताच येत नव्हते तिच्या जाण्याची डौलदार म्हणून स्तुती करू नये. तिच्यावर अन्याय झाला असे सरळ लिहावे.

याउलट आमच्याच गटातील एक गोष्ट सांगते. आमच्या अध्यक्षबाईंना सगळ्या जणी पुन्हा निवडायला तयार होत्या. त्यांनी बैठकीत बँकेचे पासबुक, कर्जाची नोंदवही आणि शिक्का सतरंजीवर ठेवला आणि म्हणाल्या की कर्ज घेणाऱ्या सगळ्या जणींना बँकेत बोलता आले पाहिजे, माझ्याच तोंडाने किती दिवस बोलणार? पुढच्या दोन बैठकांना त्या मागच्या रांगेत बसल्या आणि विचारल्याशिवाय एक शब्द बोलल्या नाहीत. ज्यांना हा वाक्प्रचार शिकवायचा आहे त्यांनी हे उदाहरण जरूर घ्यावे.

कळमेश्वरकर

ताई, आपण या धाग्याला आवश्यक ती खोली दिलीत. इंग्रजी वृत्तपत्रेही हीच गफलत करतात. पक्षाने तिकीट नाकारलेल्या नेत्याने शर्यतीतून ‘बाउड आउट’ असे छापले की वाचकाला वाटते त्यांनी स्वतःच ठरवले. वाचताना ‘निर्णय कोणाचा होता?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावली पाहिजे.

कपाशीचे शिवार (दर्यापूर)

माझे इंग्रजी बेताचे आहे, पण शेतीच्या व्यवहारातून हा फरक मला समजतो तो मांडतो.

आमच्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतगड्याचे, वर्ष गुढीपाडव्याला बदलते. पाडव्याला हिशेब पूर्ण करून, बैलांना शेवटचा चारा टाकून, ‘भाऊ, औंदा मले जमत नाही’ असे सांगून जाणारा गडी मालकाच्या आणि गावाच्या नजरेत मोठाच राहतो. पुढच्या वर्षी त्याच्याच घरी बोलावणे जाते. उचल घेऊन ऐन सोंगणीच्या दिवसांत न सांगता दुसऱ्या गावी निघून जाणारा गडी वेगळा. आणि कापसाचा सौदा ठरवून, गाडी दारात उभी असताना भाव पडल्याचे निमित्त करून शब्द फिरवणारा व्यापारी आणखी वेगळा. माझ्या मुलीने सांगितले की या तिसऱ्याला इंग्रजीत ‘बॅक आउट’ म्हणतात. ‘बॅक’ आणि ‘बाउ’ एवढाच फरक दिसतो, पण एकात दिलेला शब्द मोडलेला असतो, दुसऱ्यात तो पाळून झालेला असतो. माझी समजूत बरोबर आहे का ते जाणकारांनी सांगावे.

झाडीपट्टीकर (वडसा)

भाऊ, अगदी बरोबर आहे. आपण पहिल्या गड्याला ‘बाउ आउट’, दुसऱ्याला ‘वॉक आउट’ आणि व्यापाऱ्याला ‘बॅक आउट’ असे तिन्ही एका दमात वेगळे करून दाखवलेत.

मुष्टियुद्धातून आलेला ‘थ्रो इन द टॉवेल’ हाही याच कुळातला समजला जातो. तेथे खेळाडूची बाजू सांभाळणारा माणूस टॉवेल आत फेकून हार मान्य करतो. त्यात शहाणपण असते, पण हार उघड असते. ‘कॉल इट अ डे’ म्हणजे आजपुरते किंवा कायमचे काम थांबवणे, त्यात मान-अपमान काहीच नाही.

अडाणकाठचा मास्तर

आता मराठी पर्यायांकडे वळू. गेले दोन दिवस मी वहीत टिपणे काढतो आहे.

‘माघार घेणे’ मला पुरेसे वाटत नाही, कारण त्यात लढाई गृहीत आहे आणि आर्वीच्या ताईंनी लिहिल्यानंतर तर तो शब्द अधिकच जड झाला आहे. ‘काढता पाय घेणे’ म्हणजे अडचण येताना दिसली की हळूच निसटणे, तो पूर्ण विरुद्ध टोकाचा. ‘अंग काढून घेणे’ आणि ‘हात झटकणे’ यांत जबाबदारी टाळल्याचा दोष आहे. ‘गाशा गुंडाळणे’ म्हणजे धंदाच बंद करणे. काकांनी मंडळ बंद केले नाही, ते चालू राहावे म्हणूनच ते बाजूला झाले. ‘पायउतार होणे’ जवळचा वाटतो, पण वृत्तपत्रांनी तो इतक्या वेळा सक्तीच्या राजीनाम्यांना वापरला आहे की आता त्यातून खुर्ची ओढून घेतल्याचाच अर्थ प्रथम डोळ्यांपुढे येतो. ‘रामराम ठोकणे’ बोलण्यात चालतो, पण त्यात किंचित वैताग ऐकू येतो. नोकरीला रामराम ठोकला म्हटले की नोकरी आवडत नव्हती, असे वाटते.

माझा कौल ‘मानाने निरोप घेणे’ किंवा ‘सन्मानाने बाजूला होणे’ याला आहे. ‘निरोप’ या शब्दाचे वैशिष्ट्य असे की तो घेणाऱ्यासाठीही आहे आणि देणाऱ्यासाठीही. जाणारा निरोप घेतो, राहणारे निरोप देतात. चेंडूफळींनी म्हटलेल्या दोन्ही बाजू यात आपोआप येतात. आपल्या भागात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. अधिकार सुटला तरी नाते सुटत नाही, हे धामतीर यांनी मांडलेले सूत्र या एका शब्दात आहे.

धामतीर (पवनार)

‘सन्मानाने बाजूला होणे’ मला अधिक पटते. ‘निरोप’ घेतला की माणूस दूर गेल्यासारखे वाटते. ‘बाजूला’ झालेला माणूस तेथेच ओट्यावर बसलेला असतो. भजनी मंडळाच्या काकांसाठी तेच योग्य.

क्रिकेटपटूच्या बातमीसाठी ‘निरोप घेतला’ आणि संघाच्या बातमीसाठी सरळ ‘स्पर्धेतून बाद झाला’ असे लिहावे. एका इंग्रजी शब्दाला सर्व ठिकाणी एकच मराठी शब्द लावण्याचा आग्रह धरू नये.

आर्वीची लेक

या भाषांतरास माझे अनुमोदन. फक्त ‘सन्मानाने’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तो सन्मान कोणी दिला आणि कोणाला वाटला, एवढे पाहावे.

मला एक व्यावहारिक प्रश्नही आहे. माझी भाची वर्ध्याला बारावीला आहे. मैत्रिणींनी सहलीचे ठरवले आणि तिला जाता येत नव्हते, तेव्हा तिने इंग्रजीत लिहिले की तिला ‘बाउ आउट’ करावे लागेल. एवढ्या लहान गोष्टीसाठी हा वाक्प्रचार चालतो का? आणि त्यापुढे ‘फ्रॉम’ लावायचा की ‘ऑफ’? तिच्या वर्गात यावरून मतभेद आहेत.

कळमेश्वरकर

चालतो, आणि बोलण्याच्या इंग्रजीत तो अशाच लहान प्रसंगी बऱ्याचदा येतो. ठरलेल्या जेवणातून, सहलीतून, खेळातून, समितीतून कोणाचा बेत न बिघडवता, नम्रपणे आणि वेळेवर आपले नाव काढून घेणे, असा तेथे अर्थ असतो. मात्र आयत्या वेळी, बस सुटताना सांगितले तर कपाशीच्या शिवारातील भाऊंनी सांगितलेला ‘बॅक आउट’ लागू होईल.

व्याकरणाचे म्हणाल तर ज्या गोष्टीतून बाहेर पडायचे तिच्याआधी ‘ऑफ’ येतो, म्हणजे ‘बाउ आउट ऑफ द ट्रिप’. ‘फ्रॉम’ही काही ठिकाणी दिसतो, पण परीक्षेत ‘ऑफ’ लिहिणे सुरक्षित. पद सांगायचे असेल तर ‘ॲज’ येतो, जसे ‘बाउड आउट ॲज कॅप्टन’. भूतकाळी रूपाचा उच्चार ‘बाउड’ होतो, ‘बोड’ किंवा ‘बाउएड’ नाही. या अर्थाने या क्रियापदाला कर्म लागत नाही. त्यामुळे पदावरून दूर केले अशा अर्थी ‘त्यांनी अध्यक्षांना बाउ आउट केले’ अशी रचना इंग्रजीत होत नाही, आणि मराठी बोलण्यात ती ऐकू येऊ लागली आहे, ती टाळावी. आपला आपणच बाजूला होतो. दुसऱ्याला बाजूला करण्यासाठी इंग्रजीत वेगळी क्रियापदे आहेत.

आर्वीची लेक

आभारी आहे. भाचीला हा धागा पाठवला आहे.